चैन आहे, पण हिशेबातली

मोटारसायकल माणूस कशाला घेतो, या प्रश्नाची आपल्याकडे दोनच उत्तरे मान्य आहेत. एक, कामावर वेळेत पोहोचायला. दुसरे, इतरांच्या पुढे जायला. पहिले उत्तर वडीलधाऱ्यांना पटते, दुसरे आमच्या वयाच्या मुलांना. क्रूझर नावाची गाडी या दोन्ही उत्तरांत बसत नाही, आणि म्हणूनच ती घेणाऱ्याकडे दोन्ही बाजूंची माणसे संशयाने पाहतात. वडीलमंडळी म्हणतात, "ही निव्वळ चैन." मित्रमंडळी म्हणतात, "ही म्हाताऱ्यांची गाडी." दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. तरीही मला या दोघांशी भांडायचे आहे, आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे हे भांडण मी शक्यतो आकड्यांनीच करणार आहे.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. क्रूझर म्हणजे लांब, बुटकी, रुंद हँडलची मोटारसायकल. बजाजच्या ॲव्हेंजर २२० ची बैठक जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांहूनही कमी उंचीवर आहे. रॉयल एनफील्डच्या मीटिअर ३५० ची ७६५ मिलिमीटर. नेहमीच्या मोटारसायकलींची बैठक ८०० च्या आसपास असते. फूटरेस्ट पुढे असल्यामुळे पाय आरामखुर्चीत बसल्यासारखे समोर पसरतात, पाठ ताठ राहते आणि शरीराचा भार मनगटांवर येत नाही. दोन चाकांच्या मधले अंतर ॲव्हेंजरमध्ये १४९० मिलिमीटर, जवळजवळ दीड मीटर आहे. पुढचा फोर्कही चांगलाच तिरका असतो. लांब होडी जशी लाटेवर कमी डुलते, तशी ही गाडी सरळ रस्त्यावर आपली वाट सहसा सोडत नाही.

इंजिनाचाही स्वभाव वेगळा. मीटिअरचे इंजिन ३४९ सीसीचे, पण त्याची ताकद सुमारे २० हॉर्सपॉवर. आमच्या कॉलेजच्या आवारात २०० सीसीच्या गाड्या आहेत, त्या यापेक्षा जास्त ताकदीच्या आहेत. मग ३४९ सीसीचा उपयोग काय? उपयोग असा की या इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, २७ न्यूटन-मीटर असून ती ४००० फेऱ्यांनाच पूर्ण मिळते. शर्यतीच्या घोड्याचा जोर वेगळा आणि नांगराच्या बैलाचा वेगळा. बैल धावत नाही, पण थांबतही नाही. चढावर गिअर न बदलता, कुरकुर न करता, गाडी आपली चालत राहते. क्रूझरची खरी मजा या 'चालत राहण्यात' आहे.

हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. १९०१ मध्ये स्प्रिंगफील्ड गावी इंडियन आणि १९०३ मध्ये मिलवॉकी गावी हार्ले-डेव्हिडसन या कंपन्या निघाल्या. त्या देशातले रस्ते मैलोन् मैल सरळ आणि मोकळे, गावे लांब लांब. तासन् तास एकाच गतीने जायचे, तर मोठे इंजिन हळू फिरवणे आणि माणसाला ऐसपैस बसवणे हेच शहाणपणाचे. १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने अशा गाडीला भटकंतीचे प्रतीक केले. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेत बुलेट तयार होऊ लागली. आपल्या कर्नाटकात म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ पासून १९९६ पर्यंत चालला. पण या गाड्यांना क्रूझर म्हणता येत नाही. बैठक बुटकी आणि पाय पुढे अशी गाडी आपल्याकडे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २००१ मध्ये, कावासाकी-बजाज एलिमिनेटरच्या रूपाने. तिचे इंजिन १७५ सीसीचे होते. २००२ मध्ये रॉयल एनफील्डची थंडरबर्ड आली, २००५ मध्ये एलिमिनेटरच्याच वळणाची ॲव्हेंजर आली, आणि २०२० मध्ये थंडरबर्डची जागा मीटिअरने घेतली. खुद्द हार्लेने २०१० पासून दहा वर्षे भारतात आपल्या महागड्या गाड्या विकून पाहिल्या, २०२० मध्ये आपला येथला कारखाना बंद केला आणि मग हीरो कंपनीशी हातमिळवणी करून २०२३ मध्ये ४४० सीसीची स्वस्त गाडी आणली.

आता कोणी विचारील, अमेरिकेच्या मोकळ्या रस्त्यांसाठी जन्मलेल्या गाडीचे खानापूर रोडवर काय काम? येथे म्हशी आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत, बाजाराच्या दिवशी अर्धा रस्ता भाजीवाल्यांचा आहे. माझे म्हणणे असे की, नेमके म्हणूनच काम आहे. आपल्या रस्त्यांवर साठ-सत्तरच्या पुढे जाणे शहाणपणाचे नाहीच. मग जी गाडी साठवर सुखी असते ती घ्यावी, की जी साठवर गुदमरते ती घ्यावी?

अर्थशास्त्रात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आम्हाला संत्र्याचे किंवा चपातीचे उदाहरण देऊन शिकवतात. पहिल्या चपातीने जितके समाधान होते, तितके पाचवीने होत नाही. हाच नियम वेगाला लावून पाहा. समजा, ६० किलोमीटर जायचे आहे. ताशी ३० च्या गतीने दोन तास लागतात. ६० च्या गतीने एक तास, म्हणजे साठ मिनिटे वाचली. ९० ने गेलात तर चाळीस मिनिटे लागतात. वाचली फक्त वीस. १२० ने गेलात तर तीस मिनिटे. वाचली अवघी दहा. प्रत्येक वेळी वेग तीसनेच वाढवला, पण मिळकत साठ, वीस, दहा अशी घसरत गेली. उलट धोका वाढत जातो. धडकेत जी ऊर्जा अंगावर येते ती वेगाच्या वर्गाच्या पटीत असते. वेग दुप्पट केला की ती चौपट होते. म्हणजे १२० ने जाणारा माणूस ६० ने जाणाऱ्याच्या मानाने अर्धा तास वाचवतो, आणि त्या अर्ध्या तासासाठी चौपट आघाताची जोखीम अंगावर घेतो. असा सौदा रविवार पेठेतला कोणताही व्यापारी करणार नाही. आम्ही मात्र रोज करतो.

हे केवळ वहीतले गणित नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, आणि अतिवेगामुळे गेलेल्यांचे प्रमाण शंभरात एकाहत्तर होते. आमच्या पंचक्रोशीतली दोन मुलेही गेल्या तीन वर्षांत अशीच गेली. त्यांतला एक दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसत होता. तेराव्याच्या दिवशी त्याच्या आईने मला एवढेच विचारले, "एवढी कसली घाई होती रे त्याला?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्याला कोठेही वेळेवर पोहोचायचे नव्हते, हे मला ठाऊक होते. घाई त्याला नव्हती. घाई त्याच्या गाडीच्या आणि आम्हा मित्रांच्या बोलण्यात होती. कोण किती मिनिटांत बेळगावहून कोल्हापूरला गेला, एवढाच आमच्या कट्ट्यावरचा हिशेब असे.

म्हणून मित्रमंडळींना माझे पहिले उत्तर असे आहे. होय, ही म्हाताऱ्यांची गाडी आहे. म्हातारे होईपर्यंत जगायचे असेल तर ती बरी.

या मासिकाच्या दोन भाषा आहेत म्हणून एक गंमत येथेच सांगतो. जांबोटीच्या रस्त्याला किंवा चोर्ला घाटात वळणांवर कन्नडमध्ये पाटी दिसते : 'निधानवागि चलिसि.' कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश. 'निधानवे प्रधान' ही तर कन्नड घराघरांतली म्हण आहे. सावकाशपणा हाच मुख्य, असा तिचा अर्थ. मराठीत मात्र 'निधान' म्हणजे ठेवा, खजिना. शाळेत मराठी शिकलेला आणि बाजारात कन्नड शिकलेला माझ्यासारखा मुलगा ती पाटी वाचतो तेव्हा दोन्ही अर्थ एकदम मनात येतात. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना जो सावकाशपणा वाटतो, तो आम्हा मराठी वाचकांना ठेवा वाटतो. दोन भाषांच्या सरहद्दीवर राहण्याचा असा फायदा क्वचितच कोणी जमेला धरतो.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो. हे प्रकरण अधिक अवघड आहे, कारण त्यांचा मुद्दा पैशाचा आहे आणि पैशाच्या बाबतीत ते सहसा चुकत नाहीत. आमचे गाव खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठी आहे. अप्पा भात आणि ऊस पिकवतात. कॉलेज २८ किलोमीटरवर. मी रोज बसनेच येतो. विद्यार्थ्यांचा पास आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून ताई शून्य रुपयांचे तिकीट घेऊन नोकरीला जाते. म्हणजे येण्याजाण्याच्या गरजेसाठी गाडी हवी, असे मला म्हणताच येत नाही. बससमोर हिशेबात कोणतीही मोटारसायकल टिकत नाही. गाडी घ्यायचीच असेल तर ती आनंदासाठी घेतली असे सरळ म्हणावे लागते, आणि आमच्या घरात आजवर कोणी कोणतीही वस्तू आनंदासाठी घेतली, असे म्हटलेले मी ऐकले नव्हते.

मी सायंकाळी रविवार पेठेत एका घाऊक दुकानात वह्या लिहितो. सुरुवातीला महिना ३,००० रुपये मिळत. त्यांतून दीड वर्ष दरमहा २,००० बाजूला टाकले, त्याचे झाले ३६,०००. मामांनी १२,००० दिले. त्या ४८,००० रुपयांत सहा वर्षे वापरलेली, २२० सीसीची क्रूझर घेतली. अप्पा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आरामखुर्चीला चाकं लावून आणलीस होय रे?" पुढे काही बोलले नाहीत. पण त्यांचे न बोलणे म्हणजे नोंद करून ठेवलेले येणे असते.

तेव्हा हा त्यांच्यासाठी ताळेबंद. मराठी पुस्तकांत ज्याला घसारा म्हणतात, तो आयकराच्या नियमांत धंद्याच्या मोटारसायकलीवर वर्षाला १५ टक्के, घटत्या किमतीवर, धरतात. त्या दराने ४८,००० ची गाडी पाच वर्षांनी २१,२९८ रुपयांची राहील. म्हणजे पाच वर्षांत २६,७०२ रुपये झिजले. महिन्याला ४४५, दिवसाला पंधरा रुपये. एका चहाची किंमत. पेट्रोल महिन्याला दहा लिटर, हजाराच्या थोडे वर. विमा, ऑईल, चेन, टायर यांसाठी वर्षाला ४,००० बाजूला काढतो. सगळे मिळून महिना १,८०० च्या आसपास येते. आता मला पगार ४,५०० मिळतो. उरलेले फी आणि घर यांत जातात. महिन्याला चार रविवार धरले, तर एक रविवार ४५० रुपयांना पडतो, आणि त्यात नव्वद-शंभर किलोमीटर फिरणे होते.

ही झाली नावे बाजू. जमा बाजूला काय लिहायचे? येथेच आमचे पुस्तक थांबते. वस्तूसाठी आपण जास्तीत जास्त जे द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जे देतो, त्यांतला फरक म्हणजे उपभोक्त्याचे आधिक्य, असे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात मांडले. हे आधिक्य कोणत्याही दुकानाच्या नफा-तोटा पत्रकात दिसत नाही, पण ते असते. नसते तर बाजारात कोणी गेलेच नसते. माझ्या रविवारची किंमत ४५० रुपये आहे. तेवढ्याच पैशांत कोणी मला तो रविवार परत मागितला तर मी देणार नाही. नऊशे दिले तरी देणार नाही. हा फरक म्हणजे माझी मिळकत. ती अप्पांना दाखवता येत नाही, एवढीच तिची अडचण आहे.

तरीही एकदा ती दाखवता आली. आमच्या आईने तीस वर्षे मलप्रभेवर कपडे धुतले. नदीचा पूर पाहिला, उन्हाळ्यात वाळूतले डबके पाहिले, तिची ओटी भरली. पण ही नदी येते कोठून, हे तिने पाहिले नव्हते. उगम काही काशीला नाही; कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ आहे. आमच्या गावापासून चाळीसेक किलोमीटर. जायला बस आहे. पण बसने माणूस कामाला जातो, लग्नाला जातो, दवाखान्यात जातो. "नदी कोठून येते ते बघायला" म्हणून आमच्या गावातली कोणती बाई बसमध्ये चढेल? तिला मी गाडीवर नेले. बैठक बुटकी, म्हणून नऊवारी नेसणाऱ्या माणसाला चढायला त्रास नाही. मागे टेकायला पाठ आहे. दोघांनाही हेल्मेट. हेल्मेटवरून थोडा वाद झाला, पण मी ऐकले नाही. चाळीसने गाडी चालवली. जांबोटीच्या पुढे रानात एका वळणावर ती म्हणाली, "थांब जरा." मी विचारले, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. नुसतंच." आम्ही नुसतेच थांबलो. वीस वर्षांत माझ्या आईला कारणाशिवाय थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

वाचकहो, ही चैन आहे का? असेल. पण मग चैन म्हणजे काय, हे एकदा ठरवू या. सरकारने आपल्या परीने ते ठरवले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या दुचाकींवर ४० टक्के. म्हणजे सरकारच्या मते ३४९ सीसीपर्यंत माणसाची गरज असते आणि ३५१ पासून चैन सुरू होते. अप्पांच्या मते ती शून्य सीसीपासूनच सुरू होते. मला यातली कोणतीच रेघ पटत नाही. श्रीमंताने चाळीस लाखांची मोटार घेतली तर आपण त्याला हौस म्हणतो. शेतकऱ्याच्या मुलाने स्वतः कमावलेल्या पैशांतून जुनी गाडी घेतली तर ती उधळपट्टी. आनंद हा ज्यांच्याकडे उरलेला पैसा आहे त्यांनीच घ्यायचा, बाकीच्यांनी फक्त गरजा भागवायच्या, असा हा अलिखित नियम आहे. हा नियम घालणारे बहुधा आपलेच लोक असतात, आणि ते तो प्रेमापोटी घालतात, म्हणून तो मोडणे कठीण जाते. पण तो मोडला पाहिजे. ज्याला आयुष्यभर एकही गोष्ट केवळ बरे वाटते म्हणून करता आली नाही, त्याच्या ताळेबंदात शिल्लक कितीही असो, तो माणूस तोट्यात आहे.

पण हे म्हटल्याबरोबर आमच्याच वर्गातले काही मित्र टाळ्या वाजवतील, म्हणून पुढचे बोलणे त्यांच्याशी. चैन हिशेबातली असली तरच ती आनंद देते. त्यासाठी माझ्या तीन अटी आहेत.

पहिली अट, हप्त्यावर घेऊ नये. समजा, दोन लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढले, तर दरमहा ६,५४८ रुपये हप्ता बसतो आणि तीन वर्षांत व्याजाचेच ३५,७०० जातात. पण व्याज ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की हप्त्याच्या गाडीवर माणूस सावकाश बसूच शकत नाही. पाच तारीख मागे लागलेली असते. जी गाडी घाई विसरण्यासाठी घेतली, तीच घाई होऊन बसते. मग तो हप्ता अप्पांच्या उसाच्या बिलातून जातो आणि गाडीवर फिरण्याचे तोंड राहत नाही.

दुसरी अट, सायलेन्सर बदलू नये. कंपनीचा सायलेन्सर काढून फाडफाड आवाजाचा बसवणे कायद्याने गुन्हा आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे तो आनंदाचा गैरसमज आहे. क्रूझरचा मंद आवाज चालवणाऱ्यासाठी असतो. तो चार गल्ल्यांना ऐकवायचा म्हणजे आपला आनंद इतरांच्या खर्चाने घ्यायचा. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाखालून अशी गाडी गेली की आतल्या मुलांच्या तोंडून जे शब्द निघतात, ते या मासिकात छापता येणार नाहीत.

तिसरी अट, गाडीची निगा स्वतः शिकावी. बेळगाव हे लोखंडात हात घालणाऱ्या माणसांचे गाव आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथ पाहत आपण मोठे झालो. तरी आपल्यातल्या कितीजणांना चेन किती सैल ठेवावी ते ठाऊक आहे? चेन साफ करणे, क्लचची केबल बसवणे, प्लग पुसणे ही कामे रविवारी सकाळी तासाभरात होतात. पैसे वाचतात हे खरेच. पण ज्या वस्तूचे आतले काम आपल्याला समजते, तीच खऱ्या अर्थाने आपल्या मालकीची होते. नुसते आर. सी. बुकावर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे.

या गाडीचे दोष लपवण्याचे मला कारण नाही. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला की फूटरेस्टवर उभे राहून अंग वाचवता येत नाही. सगळा दणका माकडहाडाला बसतो. पोट जमिनीजवळ, म्हणून उंच गतिरोधकावर घासते. लांबीमुळे अरुंद बोळात वळवताना दोनदा मागेपुढे करावे लागते. घाटातल्या वळणावर जास्त झुकवली तर फूटरेस्ट रस्त्याला लागतो, म्हणून वळणाआधीच गती कमी करावी लागते. पण नीट पाहिले तर यातला प्रत्येक दोष एकच गोष्ट सांगतो : हळू चला. कन्नड पाटीवर जे लिहिले आहे, तेच गाडीच्या बांधणीत लिहिले आहे.

आणि हळू गेले म्हणजे काय काय दिसते! हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीला जाताना महाराष्ट्राची हद्द केव्हा लागली हे वेगात कळत नाही. सावकाश गेले की कळते; दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, काजूच्या बागा लागतात, चहात आले वाढते. आंबोलीला टपरीसमोर केए २२, एमएच ०९, एमएच ०७ आणि गोव्याच्या गाड्या एका ओळीत उभ्या असतात आणि कोणीही कोणाला तू कुठला असे भांडणाच्या सुरात विचारत नाही. विचारतात ते पुढे पाऊस आहे का, एवढेच. हिरण्यकेशी तेथे उगम पावते आणि घटप्रभेला मिळायला आपल्याकडे येते. मलप्रभा, हिरण्यकेशी यांच्या उगमाशी उभे राहिले की नकाशातली रेघ किती पातळ आहे, हे वर्गात न बसताही समजते.

असो. लेख लांबला. प्राध्यापकमहाशयांना एक विनंती करतो. उपयोगितेचा नियम शिकवताना पुढच्या वर्षीपासून संत्र्याऐवजी वेगाचे उदाहरण घ्यावे. संत्रे जास्त खाल्ल्याने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. आणि मित्रांना एवढेच सांगणे की, गाडी कोणतीही घ्या, जुनी घ्या, नाहीतर घेऊच नका. पण आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी कोठे किती वेळात पोहोचलात हे तुम्हाला कोणी विचारू नये आणि तुम्हीही कोणाला सांगू नये. तो दिवस वहीत कोणत्या खात्यावर टाकायचा, हे मला अजून कोणी शिकवलेले नाही. तूर्त मी तो जमेला धरला आहे.